विचारण्याआधीच नाही

बिबडे वाळायला लागले की आमच्या गल्लीत लग्नं सुरू होतात. दोन्हींना कडक ऊन लागतं, असं आमची आई म्हणायची. म्हणायची, म्हणजे तिला धड बोलता येत होतं तेव्हा. धुळ्याचा वैशाख तसा कुणाला कविता सुचावी असा नाही. पांझरेच्या पात्रात धूळ उडते, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि टाकीतलं पाणी संध्याकाळपर्यंत चहासारखं गरम राहतं. पण गच्चीवर जुन्या साडीवर थापलेले ज्वारीच्या बिबड्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या पापडांचे गोल, त्यांचा आंबूस, लसणाचा वास आणि खालून येणारा हळदीच्या बँडचा आवाज हे सगळं एकत्र आलं की मला बरं वाटायचं. गेल्या वर्षापासून तो वास आला की मी खोलीत जातो आणि कूलर लावतो. वाळ्याच्या वासाखाली तो वास दबतो. सगळा दबत नाही.

यंदाही वैशाख लागला तसा नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. दर उन्हाळ्यात मंडळ जळगावला वधू-वर मेळावा भरवतं, आणि त्याचं संगणकाचं काम माझ्याकडे असतं.

"काय रे भाऊ, तुनं मशीन तेलपाणी करी ठेव. मेळावा जवळ उना."

"हो नाना," मी म्हटलं.

"गेल्या सालसारखा घोटाळा करू नको. बोदवडवाला अजून माले तोंड दाखवत नही."

नाना हसले, मीही हसलो. बोदवडवाल्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दुसरी गोष्ट फक्त मला माहीत होती. ती मी इथे लिहिणार आहे, आणि ती लिहिता लिहिता मध्येच दुसऱ्या कशाकडे वळलो तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. तोंड चुकवायची सवय जुनी आहे.

मी एका कॉलेजात संगणक विभागात काम करतो. तरुणपणी पुण्यात नोकरीला होतो, तेव्हा पर्ल नावाची एक भाषा शिकलो. आता ती भाषा म्हातारी झाली आहे, तिला कुणी विचारत नाही, पण मला तीच येते. बारीकसारीक कामांची ती भाषा. तिची खरी ताकद शोधण्यात आहे. तिला एक नमुना द्यायचा, आणि हजारो ओळींमध्ये त्या नमुन्यासारखं जिथे जिथे दिसेल तिथे तिथे ती बोट ठेवते. आमच्या मेळाव्याच्या फॉर्मना अशीच भाषा हवी, कारण आमची माणसं फॉर्म भरत नाहीत, गप्पा मारतात. शिक्षणाच्या रकान्यात कुणी लिहितं, "बी. ए. झाल्यात जमा." व्यवसायाच्या रकान्यात "शेती + दूध + राजकारण." एकाने उंचीच्या रकान्यात लिहिलं होतं, "वडिलांएवढी." अपेक्षांच्या रकान्यात मात्र बहुतेक सगळे एकच शब्द लिहितात: अनुरूप. त्या शब्दात काय काय लपलेलं असतं ते कुठल्याही यंत्राला सापडायचं नाही.

तर गेल्या वर्षी मी असा प्रोग्राम लिहिला की प्रत्येक घराला त्यांच्यापुरतं एक पान छापून मिळेल. त्या पानावर त्यांना जुळणारी स्थळं. पूर्वी लोक जाडजूड सूची चाळत बसायचे आणि बोटाला थुंकी लावून लावून तिची पानं खराब करायचे. नानांना माझी कल्पना फार आवडली. मेळाव्यात माइकवरून त्यांनी माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. टाळ्या विरतात न विरतात तोच बोदवडचे एक काका आपलं पान हवेत फडकवत टेबलाशी आले.

"भाऊ, माह्या पोरीनं काय लिहिलं होतं?"

मी पाहिलं. पोरीने लिहिलं होतं, शेती करणारा नको.

"मंग हे काय? केळीवाले, कापूसवाले, मोसंबीवाले! पोरीचं लग्न लावून राह्यले का कृषी मेळावा भरवून राह्यले?"

सगळा मांडव हसला. झालं होतं असं की मी यंत्राला 'शेती' हा नमुना दिला होता. ते 'शेती' शोधत गेलं, तिच्या ओळीत सापडली, आणि पुढचा 'नको' त्याने वाचलाच नाही. मी तिथेच बसून ते दुरुस्त केलं. काकांना नवं पान दिलं. ते चष्मा वर करून वाचत गेले आणि जाता जाता म्हणाले, "आता बँकवाले दिसतेत. पहिलंच असं देयाचं असतं ना!" फार तर चहा थंड होईपर्यंतचं काम. कुणी ओरडलं की चूक किती पटकन सापडते, हे मी तेव्हा शिकायला हवं होतं.

दुपारची जेवणं झाल्यावर, मांडव निम्मा रिकामा झाल्यावर, दुसरेपणाच्या बायका टेबलाशी येऊ लागल्या. आमच्या मंडळाची ही रीत आहे. ज्यांचा नवरा वारला किंवा ज्यांची सोडचिठ्ठी झाली त्या स्टेजवर जात नाहीत, माइकवर स्वतःचं नाव सांगत नाहीत. कुणी तसा नियम केलेला नाही, पण त्या जात नाहीत. भावाबरोबर, वडिलांबरोबर येतात, कडेकडेने टेबलापर्यंत पोचतात, हळू आवाजात नाव सांगतात आणि पान घेतात. त्या दिवशी त्यांच्या प्रत्येकीच्या पानावर वर नाव, गाव, वय, आणि खाली एकच ओळ छापलेली होती: अनुरूप स्थळ नाही.

एकही ओरडली नाही. एका बाईने ओळ वाचली, पानाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि म्हणाली, "धन्यवाद, सर." तिच्या वडिलांनी मला नमस्कार केला. मलाही त्यात काही खटकलं नाही. हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं. मुलीला पानभर शेतकरी आले तर सगळ्यांना कळलं की यंत्र बिघडलंय. ह्या सगळ्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, तर सगळ्यांना वाटलं की यंत्र बरोबर आहे.

त्या पानांमधलं एक पान माझ्या बहिणीचं होतं.

शोभा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पहूरला दिली होती. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, एका सकाळी छातीत कळ येऊन गेला. त्यानंतरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला गेलो. आमच्या खान्देशात आखाजीला सासरची मुलगी माहेरी यायलाच हवी; भाऊ आणायला जातो, चार दिवस झोके, आमरस, खापरावरचे मांडे, आणि मग सासरचं माणूस न्यायला येतं. शोभाला न्यायला कुणी आलंच नाही. आधी आम्ही वाट पाहिली, मग वाट पाहणं बंद केलं, मग आईला अर्धांगवायू झाला आणि शोभा आमच्या घरात असणं ही देवाचीच योजना असल्यासारखं आम्ही बोलू लागलो. माझी बायको सुनंदा शाळेत शिक्षिका, मी कॉलेजात. आईला उठवणं, कुशीवर वळवणं, भरवणं, धुणं, पुसणं सगळं शोभाकडे. कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला आठवत नाही. तिला कुणी विचारलं होतं का, तेही आठवत नाही. म्हणजे, विचारलं नव्हतं.

गेल्या आखाजीला गल्लीतल्या लेकी आल्या होत्या. कडुलिंबाला झोका बांधला होता. शेजारची पुष्पा झोक्यावर बसल्या बसल्या शोभाला म्हणाली, "ये ना व माय, बस ना! पण तुले काय नवाई? तुनी त रोजच आखाजी शे!" सगळ्या हसल्या. शोभाही हसली आणि "मायनं औषध ऱ्हायनं" म्हणत आत आली. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मीही हसलो होतो. पेपरच्या आड.

त्याच दिवसांत कधीतरी, बिबड्यांचं पीठ हाटताना ती मला म्हणाली, "भाऊ, मंडळाचे फॉर्म तुझ्याकडेच येतात ना?"

"हो. का गं?"

तिने पीठ हाटायचं थांबवलं नाही. "नाही, असंच. माझं नाव टाकलं तर लोक हसतील का रे?"

मी म्हटलं, "हसायचं काय त्यात," आणि तिचा फॉर्म भरला. अपेक्षांच्या रकान्यात मीच 'अनुरूप' लिहिलं. मेळाव्याला तिला नेता आलं नाही, आईजवळ कोण थांबणार? परत आल्यावर मी तिला पान दिलं. तिने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं, हात पुसून पुन्हा वाचलं. "असू दे," म्हणाली. "माले कोन करी?" आणि आईला कुशीवर वळवायची वेळ झाली म्हणून गेली.

आतापर्यंत जे सांगितलं ती चूक. पुढे जे आहे त्याला मी चूक म्हणू शकत नाही.

मेळाव्यानंतर नानांनी सांगितलं की जे येऊ शकले नाहीत त्यांना आणि बाकी सगळ्यांनाही आपापलं पान मोबाइलवर पाठव. मे महिन्याची सुट्टी, कॉलेजात चिटपाखरू नाही. लॅबमध्ये मी एकटा, कूलरचं पाणी टपटपतंय. पानं पुन्हा काढण्याआधी सहज प्रोग्राम वाचत बसलो आणि एका ओळीशी थांबलो.

ती ओळ समजावून सांगतो. अवघड नाही. लग्नात टोपी-उपरण्याचा मान आधी कुणाचा, यावरून मांडवात झालेली भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मामा बसलेला असताना दुसऱ्या कुणाला आधी टोपी घातली की मामा जेवत नाही. संगणकाच्या भाषेतही चिन्हांचा असा मान ठरलेला असतो. बेरजेआधी गुणाकार, हे तर शाळेतच शिकवतात. तसंच 'शोध' असं सांगणारं एक चिन्ह आहे आणि 'नाही' असं सांगणारं एक. ही दोन्ही एका ओळीत आली, तर 'नाही'चा मान मोठा. ते आधी उठतं आणि शेजारी जो बसला असेल त्याला धरतं. तुम्हाला आधी दुसऱ्याचं काम करून घ्यायचं असेल तर कंस घालावा लागतो. कंसात बसवलेल्यांचं आधी, मग बाकीच्यांचं.

आमच्या फॉर्मवर मुलांना एक प्रश्न होता: पुनर्विवाह करणारी वधू चालेल का? उत्तरं नेहमीप्रमाणे मनाला येतील तशी. "नको." "चालेल." "आईला विचारून सांगतो." "मूल नसल्यास चालेल." मला यंत्राला सांगायचं होतं: या उत्तरात 'नको' शोध, आणि सापडला नाही तर ते स्थळ तिला दाखव. मी कंस घातला नव्हता. त्यामुळे 'नाही' आधी उठलं आणि त्याने थेट त्या माणसाच्या उत्तरालाच धरलं. भरलेल्या उत्तराला 'नाही' लावलं की हातात फक्त रिकामी जागा राहते. मग यंत्राने त्या रिकाम्या जागेत 'नको' शोधला, तो अर्थातच मिळाला नाही; आणि 'नाही' आधीच खर्ची पडल्यामुळे ओळीचा अर्थ आता 'सापडला तर दाखव' एवढाच उरला होता, म्हणून त्या बायकांपैकी कुणालाच कुठलंच स्थळ दाखवायचं राहिलं नाही. कुणी 'चालेल' लिहो, कुणी 'आनंदाने' लिहो, ते वाचलंच गेलं नाही. वाचायच्या आधीच नाही. यंत्राने तक्रार केली नाही. त्याच्या दृष्टीने ओळ शुद्ध होती.

मी कंस घातला. पानं पुन्हा काढली. आणि त्या सगळ्या बायकांच्या पानांवर माणसं उगवू लागली. कुणाला दोन, कुणाला चार. "धन्यवाद, सर" म्हणालेल्या बाईला शिंदखेड्याचा एक शिक्षक, चाळीसगावचा एक दुकानदार. शोभाच्या पानावर तीन नावं होती. त्यातलं एक नरडाण्याचं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत फिटर, बायको वारलेली, एक मुलगी बारावीला. प्रश्नाच्या पुढे त्याने लिहिलं होतं: "चालेल. समजून घेणारी असावी. मीही समजून घेईन." आमच्या फॉर्मवर 'मीही' लिहिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात सुनंदाचा फोन आला. शोभा बाजारात गेली होती आणि आईंनी अंथरूण ओलं केलं होतं. "मला एकटीला वळवता येत नाहीये हो. चादर खालून निघतच नाही. तुम्ही येता का?" तिचा आवाज रडवेला होता. मागे आई काहीतरी ओरडत होती, शब्द नसलेलं.

"येतो," मी म्हटलं.

आणि गेलो नाही. बसून राहिलो. समोर ते पान होतं. मला एकामागून एक दुपारी दिसू लागल्या: शोभा नाही, चादर निघत नाही, सुनंदाची शाळा, माझं कॉलेज, बाई ठेवली तर ती टिकेल का, आई तिच्या हातचं खाईल का. मनात एकही वाईट शब्द आला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. उलट मी फार समंजसपणे विचार करत होतो. पुढच्या वर्षी बघू. आई किती दिवसांची आहे. माणूस कसा आहे कुणाला ठाऊक. मुलगी बारावीची, सावत्र आईला त्रास देईल. शोभाचंच भलं. अशा सगळ्या समंजसपणातून माझं बोट चाललं आणि मी घातलेला कंस मी काढला.

फक्त शोभाचं पान वेगळं करता आलं असतं. तेही केलं नाही. एकटीचं पान कोरं ठेवलं तर उद्या कुणी विचारील. सगळ्यांची कोरी असली तर कुणी विचारणार नाही, हे मी मेळाव्यात पाहिलेलं होतं. म्हणून सगळ्यांची कोरी पानं पाठवली. बहिणीला घरात ठेवण्यासाठी मी ओळखदेख नसलेल्या बायकांनाही तेच उत्तर दिलं. घरी जाताना शोभासाठी कुल्फी घेतली. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "ऊन किती आहे." तिने निम्मी आईला चाटवली.

वर्ष गेलं. मला वाटलं होतं की टोचणी हळूहळू बोथट होईल. झालीही. माणूस कशालाही सरावतो. फक्त घरात कुणी शोभाचं कौतुक केलं की मी उठून जायचो. पाहुणे म्हणायचे, "अशी लेक नशिबाने मिळते हो." मी नळ बंद आहे का बघायला जायचो.

मग यंदाच्या लगीनसराईत शिंदखेड्याकडे एका लग्नाला गेलो. पंगतीत माझ्या समोर एक शांत माणूस बसला होता. वरणबट्टीवर तूप वाढणाऱ्याला "बस, बस" म्हणत होता आणि शेजारच्या बाईच्या पानात मात्र वाढायला सांगत होता. यजमानांनी ओळख करून दिली. नरडाण्याचे. कंपनीत फिटर. मी घास चावत राहिलो.

"तुम्ही मंडळाचं काम करतात ना?" तो म्हणाला. "मी बी दिलं होतं गेल्या साली नाव. काही उनंच नही तुमच्याकडून."

"हो का," मी म्हटलं.

"मग मावशीनं जमवलं." त्याने शेजारी पाहिलं. बाई हसली. चांगली होती. मला तिचा राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. तिने आपल्या पानातलं वांगं उचलून त्याच्या पानात ठेवलं, अगदी सहज, रोजचं असल्यासारखं. मी हात धुवायला उठलो.

त्यानंतर नानांचा तो फोन. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसून मी कंस घातला. दोन चिन्हं, एक इकडे एक तिकडे. बाहेरून पाहणाऱ्याला काय बदललं ते कळलंही नसतं. आणि मी गप्प बसलो असतो तर कुणाला काहीच कळणार नव्हतं. यंदाची पानं भरलेली आली असती, नानांनी माइकवर पुन्हा माझं नाव घेतलं असतं. तो टाळ्यांचा आवाज मला लॅबमध्येच ऐकू आला आणि मी उठलो.

आधी नानांना सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जे व्हयनं ते व्हयनं. आते कोनले सांगू नको. मंडळनं नाव खराब व्हई." माझ्या नावाबद्दल काही बोलले नाहीत. ती त्यांची दया होती की काय, कळत नाही. पण मला नंबर माहीत होते. मी एकेकीला फोन केले. एकीचं लग्न झालं होतं, ती म्हणाली, "जाऊ द्या सर, लागून गेलं आता." एकीच्या भावाने फोन घेतला आणि मला जे बोलायचं ते बोलला, योग्यच बोलला. आणि ती पानाची घडी घालणारी बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "म्हणजे माझ्यासाठी कुणी 'चालेल' म्हटलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "दोघांनी."

"दोघांनी," ती म्हणाली. रागावली नाही. तो शब्द तिने पुन्हा एकदा म्हटला आणि फोन ठेवला. ती रागावली असती तर मला रात्री झोप लागली असती.

शोभाला सगळ्यात शेवटी सांगितलं. भित्रा माणूस सोपी दारं आधी ठोठावतो. ऊन कललं होतं, ती गच्चीवर वाळलेले बिबडे डब्यात रचत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. यंत्राची चूक सांगितली, मग माझी. कंस म्हणजे काय तेही सांगू लागलो, तर तिने हाताने थांबवलं. "ते राहू दे. नावं कोणाची होती?"

मी तीन नावं सांगितली. नरडाण्याचंही. त्याने काय लिहिलं होतं तेही.

"त्याचं?"

"झालं लग्न. मी पाहिली त्याची बायको."

"बरी शे?"

"बरी आहे."

ती बिबडे रचत राहिली. एक फुटका निघाला, तो तिने बाजूला ठेवला. मी म्हटलं, "शोभा, आईचं कोण बघेल, हे डोक्यात आलं आणि..."

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात ती कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "नरडाणा काय अमेरिकामा शे का रे, भाऊ? सकाळी एस्टीत बसली असती त चहाले इथं असती मी. मायले मी सोडलं असतं, असं तुले वाटनं?"

मला हे सुचलंच नव्हतं. खरं सांगतो, एका वर्षात एकदाही सुचलं नव्हतं. नरडाणा आणि धुळे यांच्यामधला तो साधा रस्ता, ज्यावरून मी कितीदा गेलो असेन, माझ्या समंजस विचारांत कुठेच नव्हता. मी तिच्या वतीने सगळे प्रश्न काढले होते आणि सगळ्यांची उत्तरंही दिली होती.

"तू माले इचारं का नही?" ती म्हणाली. तिने डबा उचलला आणि खाली गेली.

सुनंदाला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या फोनचं निमित्त केलंत." मी नाही म्हणालो. तिला पटलं नाही, आणि तिचं बरोबर आहे. त्यानंतर घरात दोन्ही बायका माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या आणि एकमेकींशी पूर्वीपेक्षा जास्त. एकदा स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. मी आत गेलो तर थांबला.

आज जळगावला मेळावा आहे. फॉर्म शोभाने स्वतः भरला. मी तो वाचला नाही. नुसता यंत्रात घातला, छापलेली पानं पाकिटांत घालून काल नानांकडे पोचवली, तिचं पान छापून येत होतं तेव्हा मान दुसरीकडे केली. सकाळी ती तयार झाली तेव्हा मी म्हटलं, "मी सोडतो स्टँडवर." ती म्हणाली, "तू थांब. मायजवळ कोण?" पर्स खांद्याला लावून सुनंदा बाहेर आली. "मी जाते ताईंबरोबर. तुम्ही आहातच घरी." दोघी गेल्या. शोभा स्टेजवर जाणार आहे की टेबलाशी, मला माहीत नाही. तिला कुणी 'चालेल' म्हणेल का, आणि तिला कोण चालेल, तेही नाही. यंदा तिला काहीच मिळालं नाही तर तो दोष कुणाचा, हे मी कुठल्याही यंत्राला विचारणार नाही.

घरात मी आणि आई. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच. पेज भरवली, निम्मी उशीवर सांडली. औषध दिलं. मग तिची कण्हण्याची वेळ झाली. शोभा असली की अशा वेळी ती काहीतरी करते आणि आई शांत होते. वळवायचं असतं हे कळत होतं, पण कुठल्या कुशीवर, हात कुठे घालायचा, पाय आधी की खांदा आधी, काही माहीत नव्हतं. शोभाला विचारावं म्हणून फोन हातात घेतला. तिचं नावही काढलं. मग फोन ठेवून दिला. आजचा दिवस तिचा होता.

मी आईच्या तोंडाजवळ वाकलो. तिचे डोळे माझ्यावर होते, आणि ते किती जागे आहेत हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिला काही कळत नाही, असं आम्ही तिच्यासमोरच म्हणायचो.

"माय," मी म्हटलं. "कोणत्या कुशीवर वळवू?"

मग तिने डोळे डावीकडे नेले, माझ्याकडे आणले, आणि पुन्हा डावीकडे नेले. नीट, सावकाश. समजेल असं.